खुडूक कोंबडी आणि एकवीस दिवस

सहावीच्या वर्गात बी रुजण्याचा पाठ चालला होता. ओल्या फडक्यात बांधलेली मटकी टेबलावर मांडली होती आणि कोणत्या पुरचुंडीत मोड आधी आले याची नोंद मुले करत होती. एवढ्यात एक मुलगी धावतपळत वर्गात शिरली. उशिराचे कारण विचारले तर म्हणाली, “आमची कोंबडी खुडूक झालीय. आजीनं तिला रवणात बसवली. मी अंडी निवडू लागत होते.”

वर्ग हसला. आम्ही मात्र मटकी बाजूला ठेवली. मावळातल्या एका वाडीवरच्या शाळेत २०२४ च्या जानेवारीत घडलेली ही गोष्ट. ऊब, ओलावा आणि हवा मिळाली की बी रुजते, असे आम्ही फळ्यावर लिहीत होतो, आणि नेमका हाच विषय त्या मुलीच्या घरी, चुलीशेजारच्या टोपलीत, एकवीस दिवस चालणार होता.

संध्याकाळी आम्ही मुलांना घेऊन तिच्या घरी गेलो. आमच्या मनात एक योजना होती. दर तीन दिवसांनी एकेक अंडे फोडून आतली वाढ मुलांना दाखवायची. शास्त्रज्ञांनीही हेच केले आहे. कोंबडीच्या अंड्यात तिसऱ्या दिवशी रक्ताच्या ठिपक्याएवढे हृदय हलताना दिसते, असे अ‍ॅरिस्टॉटलने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले. १६७० च्या दशकात इटलीतील मालपिघीने सूक्ष्मदर्शकाखाली हीच वाढ पाहून तिची चित्रे काढली. मग आपण का करू नये?

आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “गुर्जी, फोडून बघायचं आसंल तर दुकानातलं अंडं आणा. ह्यातलं एक अंडं म्हंजी माझी एक कोंबडी हाय.”

आमच्या योजनेतली चूक त्यांनी एका वाक्यात दाखवली. त्या घरात कोंबड्यांचा पैसा आजींच्या हातचा. वह्या-पेन्सिली, एस.टी.चे भाडे, आजारपणात डॉक्टरची फी त्यातूनच निघते. आपल्या पाठासाठी तिथली चार कोंबड्या कमी करण्याचा आपल्याला काय अधिकार? शिवाय ती मुलगी खुडूक कोंबडीला नावाने हाक मारत होती. तेव्हा एकही अंडे न फोडता जेवढे पाहता येईल तेवढे पाहायचे, असे ठरले.

दुकानातले अंडे का उबत नाही?

आजींच्या बोलण्यावरून एका मुलाने विचारले, “मग दुकानातलीच अंडी कोंबडीखाली ठेवली तर?” प्रश्न चांगला होता. दुकानात येणारी बहुतेक अंडी मोठ्या पोल्ट्रीतली असतात. तिथे फक्त माद्या पाळतात, कोंबडा नसतो. कोंबडी अंडे घालते त्यासाठी कोंबड्याची गरज नसते. अंड्यातून पिल्लू व्हायला मात्र असते. दुकानातले अंडे एकवीस दिवस ऊब देऊनही अंडेच राहते, आणि शेवटी कुजते.

फरक पाहायचा असेल तर दुकानातले एक अंडे बशीत फोडावे. बलकावर एक छोटा, भरीव, वेड्यावाकड्या कडेचा पांढरा ठिपका दिसेल. घरात खाण्यासाठी गावठी अंडे फोडले जाते तेव्हा तोच ठिपका नीट पाहायला मुलांना सांगावे. कोंबडा फिरत असलेल्या घरचे अंडे असेल तर ठिपका जरा मोठा आणि गोल कड्यासारखा दिसतो. या कड्यात हजारो पेशी असतात. अंडे कोंबडीच्या पोटात सुमारे एक दिवस असते. पिल्लाच्या वाढीची सुरुवात तिथेच झालेली असते.

दहा दिवसांची अंडी, एकाच दिवसाची पिल्ले

टोपलीत अकरा अंडी होती. कोंबडी एका दिवसात एकापेक्षा जास्त अंडी घालत नाही, मध्ये एखादा दिवस गाळतेही. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या अंड्यात बारा-तेरा दिवसांचे अंतर होते. तरी सगळी पिल्ले एकदम बाहेर येतात, हे वाडीतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ते कसे?

याचे उत्तर तापमानात आहे. अंडे बाहेर पडून थंड झाले की आतली वाढ थांबते. साधारण २० ते २१ अंश सेल्सियसच्या खाली ती जवळजवळ पूर्ण थांबते, पण जीव जात नाही. मटकीचे कोरडे दाणे डब्यात वाट पाहतात तशी ही अंडीही वाट पाहतात. कोंबडी त्यांच्यावर बसली की सगळ्यांची घड्याळे एकदम सुरू होतात.

वाट पाहण्यालाही मर्यादा आहे. आठ-दहा दिवसांपेक्षा जुन्या अंड्यांतून पिल्ले निघण्याचे प्रमाण घटत जाते. म्हणूनच आजी आणि नात मिळून सर्वांत जुनी अंडी बाजूला काढत होत्या. निवड होईपर्यंत अंडी धान्याच्या मडक्यात, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवली होती, त्याचेही कारण आता कळते.

उन्हाळ्यात हेच गणित बिघडते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरात पारा ३५ च्या पुढे जातो. अंड्यातली वाढ धड थांबत नाही आणि धड होतही नाही. अर्धवट उबेने गर्भ सुरू होतो आणि मरतो. कोंबडी बसवायच्या आधीच अंडी वाया गेलेली असतात.

खुडूक म्हणजे काय?

खुडूक झालेली कोंबडी अंडी घालणे थांबवते, जागा धरून बसते, पिसे फुलवते, हात लावला तर चोच मारते आणि एक ठरावीक ‘खुड्-खुड्’ आवाज काढते. हा रुसवा किंवा आजार नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक जास्त प्रमाणात स्रवू लागते, त्याचा हा परिणाम. सस्तन प्राण्यांच्या मादीत दूध तयार होण्याशी ज्याचा संबंध आहे तेच हे संप्रेरक.

याच काळात कोंबडीच्या छाती-पोटाकडची काही पिसे गळतात आणि तिथली कातडी उघडी पडते. त्या कातडीत रक्तपुरवठा वाढलेला असतो. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते, आणि या उघड्या जागेतून उष्णता थेट अंड्याला मिळते. उबवण यंत्रात ३७.५ ते ३८ अंश तापमान राखावे लागते. त्यासाठी विजेचे उपकरण लागते. कोंबडी हे काम दिवसाला मूठभर दाण्यांवर करते. दिवसातून एखाद्या वेळी पंधरा-वीस मिनिटे उठते, दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत अंग घुसळते आणि परत येते. एवढ्या वेळात अंडी फारशी गार होत नाहीत.

ती अंडी वरचेवर चोचीने फिरवते हेही मुलांनी पाहिले. एका मुलाने सुचवले, “अंड्यांवर पेन्सिलीने फुली करू या.” फुली एका बाजूला केली. दुसऱ्या दिवशी काही फुल्या वर, काही खाली, काही आडव्या. अंडी फिरवली नाहीत तर वाढणारा गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटण्याची भीती असते. शिवाय टोपलीच्या कडेची अंडी मध्ये येतात आणि सर्वांना सारखी ऊब मिळते.

न फोडता आत पाहणे

अंड्याच्या आत पाहण्याची सोपी युक्ती म्हणजे उजेड. बुटांच्या खोक्याला अंड्याच्या जाडीपेक्षा लहान गोल भोक पाडावे आणि आत टॉर्च किंवा मोबाइलचा दिवा ठेवावा. खोलीत अंधार करावा आणि अंड्याची बोथट बाजू भोकावर टेकवावी. जुन्या बल्बपेक्षा एल.ई.डी. दिवा बरा, कारण तो फारसा तापत नाही. हात स्वच्छ धुवावेत, एक अंडे अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त धरू नये, आणि हे सगळे कोंबडी दाणे टिपायला उठते तेव्हाच करावे. पांढऱ्या कवचाच्या अंड्यात चांगले दिसते, तपकिरी कवचात जरा कष्ट पडतात.

आम्ही तीनदा पाहिले.

सातव्या दिवशी दहा अंड्यांत लाल धाग्यांचे जाळे दिसले. मधोमध एक काळसर ठिपका, त्याच्याभोवती कोळ्याच्या पायांसारख्या रक्तवाहिन्या. एका अंड्यात काहीच नव्हते. नुसता पिवळसर उजेड. ते फळलेले नव्हते. आजींनी ते बाजूला काढले.

चौदाव्या दिवशी अंड्याचा बराच भाग काळा झाला होता आणि आत हालचाल जाणवत होती. एका अंड्यात मात्र जाळे नव्हते, नुसते लालसर कडे होते. त्यातली वाढ मध्येच थांबली होती. मुलगी काही बोलली नाही. तिने वहीत त्या अंड्यापुढे फक्त एक रेघ मारली.

अठराव्या दिवशी बोथट टोकाची हवेची पोकळी सोडली तर सगळे अंडे काळेभोर. त्यानंतर अंड्यांना हात लावायचा नाही, असे ठरले. पिल्लू बाहेर येण्याच्या तयारीत असताना हलवाहलव चांगली नव्हे.

हवेच्या पोकळीची कड मुलांनी तिन्ही वेळा पेन्सिलीने कवचावर आखली होती. ती दर वेळी मोठी झालेली दिसली. याच्या जोडीला शाळेतल्या तराजूवर दोन अंड्यांचे वजनही केले. अंडे दिवसेंदिवस हलके होते. एकवीस दिवसांत त्याचे वजन साधारण १२ टक्क्यांनी घटते. ४० ग्रॅमचे अंडे असेल तर सुमारे ५ ग्रॅमनी. “आत पिल्लू वाढतंय, मग वजन कमी कसं?” हा प्रश्न मुलांनीच विचारला. अशा प्रश्नाचे उत्तर लगेच देऊ नये. थोडा वेळ वर्गात भांडण होऊ द्यावे.

उत्तर असे, की कवच बंद डबी नाही. त्याला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते, त्यामुळे वजन घटते. बाहेर गेलेल्या पाण्याची जागा हवा घेते, म्हणून पोकळी वाढते. त्याच छिद्रांतून ऑक्सिजन आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ६० ग्रॅमचे अंडे उबण्याच्या काळात सुमारे ६ लिटर ऑक्सिजन घेते. पिल्लाचे अन्न मात्र सगळे आतलेच: बलक, पांढरे, आणि हाडांसाठी लागणारे कॅल्शियम बरेचसे कवचातून.

लोखंड, कोळसा आणि गडगडाट

टोपलीत अंड्यांच्या शेजारी एक गंजका खिळा आणि कोळशाचा तुकडा होता. ढग गडगडले तर अंडी बिघडतात, लोखंड ठेवले म्हणजे बाधत नाही, असे आजी म्हणाल्या. अशा वेळी शिक्षकाने हसू नये आणि ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळेही होऊ नये. हा अनुभव आला कुठून, हे आधी शोधावे.

आम्ही मुलांना दोन तक्ते करायला सांगितले. एका तक्त्यात आपल्याकडे वळीव आणि गडगडाट कोणत्या महिन्यांत होतो ते, दुसऱ्यात सर्वांत जास्त उकाडा कोणत्या महिन्यांत असतो ते. दोन्ही तक्त्यांत एप्रिल, मे आणि जूनचा आरंभ आला. म्हणजे गडगडाटाच्या दिवसांत अंडी खराब होतात, हे आजींचे निरीक्षण खोटे असण्याचे कारण नाही. पण दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. अंडी बिघडवणारा उकाडा आणि ढगांचा आवाज एकाच हंगामात येतात. आवाज लक्षात राहतो, उकाडा नजरेआड होतो. खिळ्याने काही बिघडत नाही, पण उकाड्यावर तो उपायही नाही. अंडी गार जागी ठेवणे आणि लवकर बसवणे, हा उपाय आहे. हे आम्ही आजींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग खिळा बी ऱ्हाऊ द्या आन् मडकं बी गार ठिवू.” आम्हाला तेवढे पुरेसे वाटले.

बाहेर येण्याआधीची बोली

विसाव्या दिवशी मुलगी वर्गात आली ती ओरडतच: “अंडी बोलायला लागली!” हे अगदी खरे असते. पिल्लू प्रथम चोचीने आतला पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत तोंड घालते आणि फुप्फुसांनी पहिला श्वास घेते. मग कवचातूनही त्याची चिवचिव ऐकू येते. कोंबडी तिला आवाजाने उत्तर देते. पिल्लेही शेजारच्या अंड्यांतले आवाज ऐकतात. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात लाव्यांच्या अंड्यांवर झालेल्या प्रयोगांत दिसले, की शेजारच्या अंड्यांची टिकटिक ऐकून मागे पडलेली पिल्ले घाई करतात.

कवच फोडण्यासाठी पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक टणक टोक असते. काम झाल्यावर काही दिवसांत ते गळून पडते. कवचाला चीर पडल्यावर पूर्ण बाहेर यायला बरेच तास लागतात. मुलांना राहवत नाही. मदत म्हणून ती कवच सोलू पाहतात. ते करू देऊ नये. या वेळात पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांतले रक्त पिल्लाकडे जात असते आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाई केली तर रक्तस्राव होऊन पिल्लू दगावते. पोटातला हा बलक दोन-तीन दिवस पुरतो. त्यामुळे आधी निघालेल्या पिल्लांना खाऊ घालण्यासाठी कोंबडीला उठावे लागत नाही; ती मागच्यांसाठी बसून राहू शकते.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत नऊ पिल्ले बाहेर आली.

काही घरांत कोंबडीखाली बदकाची अंडी बसवतात. ती २८ दिवस घेतात. निघालेली पिल्ले कोंबडीलाच आई मानतात आणि पाणी दिसले की डबक्यात उतरतात. कोंबडी काठावर धावत राहते. जन्मानंतर थोड्याच काळात जे हलते-बोलते समोर दिसते त्याच्यामागे जायचे, हे पिल्लांच्या मनावर ठसते. कॉनराड लोरेन्झ यांनी बदक-हंसांच्या पिल्लांवर याचा अभ्यास केला. प्राण्यांच्या वर्तनावरील कामासाठी १९७३ चे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांबरोबर मिळाले.

नऊपैकी किती?

पाठ इथे संपवता आला असता. पण खरी परीक्षा यापुढे असते. वाडीवर विचारा, दहा पिल्लांतली किती मोठी होतात? उत्तर क्वचितच सुखाचे असते. घार, मुंगूस, मांजर, थंडीची रात्र, आणि सर्वांत वाईट म्हणजे मानमोडी.

मानमोडीला राणीखेत रोगही म्हणतात. कुमाऊँमधील राणीखेत येथे तो १९२७-२८ च्या सुमारास आढळला म्हणून हे नाव. तो विषाणूमुळे होतो. कोंबडी सुस्त होते, हिरवट हगते, मान वाकडी होते, आणि काही दिवसांत खुराडी रिकामी होतात. झाल्यावर औषध नाही. आधी लस मात्र आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे झाले की डोळ्यात किंवा नाकात एक थेंब टाकतात, पुढे पुन्हा लस द्यावी लागते.

मग घरोघर लस का दिली जात नाही? त्यात एक साधी अडचण आहे. लसीची कुपी शंभर किंवा जास्त पिल्लांसाठी असते, ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की थोड्या तासांत संपवावी लागते. नऊ पिल्लांच्या घरासाठी ती कोण आणणार? इथे शाळा उपयोगी पडते. आमच्या मुलांनी वाडीतल्या प्रत्येक घरी जाऊन पिल्ले आणि कोंबड्या मोजल्या, तक्ता केला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन दिला. एका घराला न परवडणारी कुपी वाडी मिळून परवडली. ठरलेल्या सकाळी लस आली. मुलगी आपली पिल्ले एकेक करून डालग्याखालून काढून देत होती.

आणखी काही सोप्या गोष्टी आम्ही ठरवल्या. पहिले तीन आठवडे पिल्ले मोकळी न सोडता बराच वेळ डालग्याखाली ठेवायची. कण्यांबरोबर वाळवी, किडे द्यायचे, कारण वाढीसाठी प्रथिने लागतात. पाणी उथळ ताटलीत, खडे घालून, म्हणजे पिल्लू बुडत नाही. कोंबड्यांना हात लावला की साबणाने हात धुवायचे. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर त्यांना हात न लावता दवाखान्यात कळवायचे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातला पहिला बर्ड फ्लू आढळला, आणि तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, हेही मुलांना सांगावे.

महिन्याअखेर नऊपैकी सात पिल्ले होती. एक घारीने नेले, एक कशाने गेले ते समजले नाही. आजींच्या मते एवढी कधीच उरली नव्हती.

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदके होती, त्यांपैकी जवळपास ३२ कोटी परसातली. जास्त अंड्यांसाठी निवडलेल्या जाती खुडूक होणे जवळजवळ विसरल्या आहेत, कारण खुडूक होणारी कोंबडी अंडी घालायची थांबते. वर्षाला तीनशे अंडी देणारी कोंबडी आपले एकही अंडे उबवत नाही. तिची पिल्ले यंत्रात निघतात. आणि परसात पाळण्यासाठी तयार केलेल्या सुधारित जातींची अंडीही पुष्कळ ठिकाणी गावठी कोंबडीखालीच ठेवावी लागतात. साठ-ऐंशी अंडी घालून मध्येच रुसून बसणारी गावठी कोंबडी म्हणूनच वाडीची उबवणी आहे.

आपल्या वर्गात विचारून पाहा, “कोणाची कोंबडी खुडूक झाली आहे?” हात वर झाला तर त्या घरी जा, आधी परवानगी घ्या, खोका आणि टॉर्च बरोबर न्या. अंडे मात्र फोडू नका. त्यातले एकेक अंडे कोणाची तरी कोंबडी असते.